तायरा : कच्ची केळी पिकवून खाणारा वनचर

आंबे उतरविण्याचे दिवस आले म्हणजे आपल्याकडील बागाईतदार माडीवर किंवा कोठीच्या खोलीत पेंढा पसरून अढी घालतो. हिरवे फळ आज खाण्यास निरुपयोगी आहे, परंतु आठ-दहा दिवस दम धरिला तर तेच गोड होईल, हे ज्यास कळते तोच अढी घालू शकतो. लहान मुलास हे कळत नाही. ते फळ चावून पाहते व आंबट लागताच टाकून देते. असे ज्ञान केवळ मनुष्यास असते, अशी माझी आजवर समजूत होती. अमेरिका खंडातील उष्ण अरण्यांत राहणाऱ्या तायरा नामक एका प्राण्याची माहिती वाचनात आल्यापासून ती मला सोडावी लागली. हा प्राणी बागेतून हिरवी केळी तोडून नेतो, ती लपवून ठेवितो, आणि काही दिवसांनी ती मऊ झाली म्हणजे परत येऊन खातो.

ज्याची केळी गेली त्या बागाईतदारास हा प्राणी निव्वळ चोर वाटावा हे साहजिक आहे. तथापि माझा जन्म तालुक्याच्या कचेरीत जमेची व खर्चाची सदरे मांडण्यात गेला असल्यामुळे, एकच बाजू पाहून खाते बंद करण्याची मला सवय नाही. ती सवय मला कशी लागली, ते पुढे ओघाने येईलच. प्रथम हा प्राणी कोण, कोठला, व त्याची राहणी कशी, हे सांगतो.

वसतिस्थान व नावे

मेक्सिको देशाच्या दक्षिण भागापासून मध्य अमेरिकेतील सर्व देश ओलांडून खाली अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत, तसेच त्रिनिदाद बेटावर, तायरा आढळतो. सखल प्रदेशातील दाट, दमट अरण्य हे त्याचे मुख्य घर होय. डोंगरातही तो चढतो. परंतु फार उंचीवर क्वचितच दिसतो. स्वीडन देशाचा प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली त्याची शास्त्रीय ग्रंथात नोंद केली.

प्रांतोप्रांतीच्या लोकांनी त्यास निरनिराळी नावे दिली आहेत, व त्या नावांवरूनच त्याचे रूप आणि सवयी कळून येतात. मेक्सिकोत त्यास ‘म्हाताऱ्याचे डोके’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. कारण अंग काळेभोर असले तरी त्याच्या डोक्यावरील केस राखी रंगाचे असतात. ब्राझीलमध्ये त्याचे एक नाव ‘इरारा’ असे असून दुसरे ‘मध खाणारा’ या अर्थाचे आहे. कोस्टा रिका देशातील शेतकरी त्यास ‘तोलोमूको’ म्हणतात. आपल्याकडेही एकाच झाडास घाटावर एक व कोकणात दुसरे नाव असते, तद्वतच हे समजावे.

कूळ व शरीररचना

प्राणिशास्त्रात ज्या कुळास मुस्टेलिडी असे म्हणतात, त्या कुळातील हा प्राणी होय. लांबट अंग, आखूड पाय व तीव्र घ्राणेंद्रिय ही या कुळाची सर्वसाधारण लक्षणे. आपल्या ओळखीचा या कुळातील प्राणी म्हणजे नदीतील पाणमांजर. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या बांधावरचे मुंगूस व झाडावरचा कांडेचोर हे दिसण्यात तायराशी थोडेबहुत जुळत असले, तरी ते त्याचे सगोत्र नव्हेत. त्यांची कुळे निराळी आहेत.

पूर्ण वाढलेल्या तायराचे अंग ५६ ते ७१ सेंटिमीटर लांब असते, व शेपूट ३७ ते ४६ सेंटिमीटर भरते. वजन साधारणतः ३ ते ६ किलो, म्हणजे एखाद्या धष्टपुष्ट बोक्याइतके. केस आखूड, काळसर तपकिरी, शेपूट झुबकेदार, आणि गळ्याखाली पिवळा किंवा नारिंगी असा एक ठळक ठिपका. नखे आखूड, वाकडी व बळकट असतात. ती जमीन उकरण्यापेक्षा झाडावर चढण्यास व धावण्यास अधिक उपयोगी पडतात. तायरा खोडावरून सरसर चढतो, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेतो, आणि त्या वेळी लांब शेपटीने तोल सावरतो. पोहण्यातही तो तरबेज आहे.

दिनचर्या

पुष्कळसे हिंस्र प्राणी रात्री बाहेर पडतात. तायराचा कारभार मात्र बहुतांशी दिवसाढवळ्या चालतो. सकाळी तो बिळातून अथवा झाडाच्या ढोलीतून निघतो व दिवसभर अन्नाच्या शोधात भटकतो. बीळही तो बहुधा दुसऱ्या प्राण्याने खणलेलेच वापरतो; कधी उंच गवतातच मुक्काम करितो. तो एकटा किंवा जोडीने हिंडतो. क्वचित तीन-चारांचा मेळ दिसतो. एकेका जनावराचा फिरण्याचा टापू अनेक चौरस किलोमीटरांचा असतो, आणि त्यात अरण्य, पडीक रान, कॉफीचे व कोकोचे मळे हे सर्व येते. भय वाटले म्हणजे तो फुसकारतो, कुत्र्यासारखा भुंकतो आणि जवळचे झाड गाठतो.

त्याची नजर फारशी तेज नाही. परंतु नाक असे की, वास लागला म्हणजे माग सुटत नाही. मांजर जसे दबा धरून बसते तसे तो करीत नाही. वासाच्या मागाने तो भक्ष्यास गाठतो, आणि ते पळू लागले तर थकेपर्यंत त्याचा पाठलाग करितो.

खाण्याच्या बाबतीत तो कोणत्याही एका पदार्थाचा हट्ट धरीत नाही. उंदीर व त्या जातीचे कुरतडणारे इतर प्राणी, ससे, पक्षी, सरडे, किडे, मध, आणि झाडावरची पिकलेली फळे, यांपैकी जे मिळेल ते तो घेतो. प्रसंगी लहान वानरांच्याही मागे लागतो. त्यामुळे तो दिसताच वानरे कलकलाट करितात. बेलीझ देशात शास्त्रज्ञांनी त्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा तीत उंदरांच्या जातीच्या प्राण्यांचे अवशेष व फळांचा अंश हे दोन्ही आढळून आले. फळे खाऊन तो दूरवर हिंडतो व बिया विष्ठेतून ठिकठिकाणी पडतात; त्यामुळे रानाची आपोआप पेरणीही होते.

प्रजा

या कुळातील पुष्कळ जातींत गर्भ राहिल्यावर त्याची वाढ काही महिने थांबून राहते, व योग्य ऋतू पाहून पुढे सुरू होते. तायरात तसे होत नाही. त्याची मादी ६३ ते ६७ दिवसांत वीते. एका वेतास एक ते तीन पिले होतात, बहुधा दोन. पिलांच्या अंगावर जन्मतःच काळे केस असतात. परंतु डोळे मिटलेले असतात व ते उघडावयास पाच आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दोन-तीन महिने ती आईचे दूध पितात. नर या कामी काही हातभार लावीत नाही. सर्व भार एकट्या आईवर असतो. पाळलेला तायरा अठरा वर्षेपर्यंत जगल्याची नोंद आहे.

वेतास दोनच पिले व त्यांस सांभाळणारी आई एकच, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. उंदराची वीण आपणांस माहीत आहेच. एक तायरा मारिला तर त्याची जागा भरून येण्यास फार काळ लागतो. उंदरांची जागा एका हंगामात भरून निघते.

केळ्यांची अढी

आता मुख्य गोष्टीकडे वळू. केळे हे मुळात अमेरिकेचे फळ नव्हे. ते आग्नेय आशियाकडील. स्पॅनिश लोकांबरोबर ते पलीकडे गेले. तोमास दे बेर्लांगा नामक धर्मोपदेशकाने १५१६ साली कॅनरी बेटांतून हिस्पान्योला बेटावर केळीचे कंद नेले, असे इतिहासात नमूद आहे. त्यानंतर ती लागवड सर्व उष्ण अमेरिकेत पसरली. तिकडे गोड केळ्याखेरीज दुसरी एक मोठी जात फार लावितात. ती हिरवी असता शिजवून किंवा तळून खातात. आपल्याकडे भाजीची केळी असतात, त्यासारखीच ती समजावी. हे फळ कच्चे असता पिठूळ व तुरट लागते. पिकल्यावर मात्र मऊ व गोड होते.

काही फळे झाडावरून तोडल्यावर पिकत नाहीत. उदाहरणार्थ लिंबू व द्राक्ष. आंबा, केळे, चिकू ही फळे मात्र तयार होऊन तोडली की पुढे आपोआप पिकतात. याचे कारण असे की, त्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो व तो पिकण्याची क्रिया वाढवितो. अढीत फळे एकत्र झाकून ठेविल्याने हा वायू कोंडला जातो व फळ लवकर पिकते. खानदेशात व इतरत्र हल्ली केळी पिकविण्यासाठी बंद खोल्या बांधितात, त्यांत हाच वायू सोडितात. पेंढ्यातील अढी आणि ही नवी खोली या दोहोंचे तत्त्व एकच आहे.

कोस्टा रिका देशात सोले व आल्वारादो-दियास या दोन निरीक्षकांनी तायराच्या वर्तनावर प्रत्यक्ष नजर ठेविली आणि २०११ साली आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. तायरा बागेत शिरून हिरवी केळी तोडतो. ती तो तेथेच खात नाही, कारण ती त्या वेळी खाण्याजोगी नसतातच. तो ती उचलून नेतो व एखाद्या आडोशाच्या जागी लपवून ठेवितो. काही दिवसांनी परत त्याच जागी येतो, आणि पिकून मऊ झालेला गर खातो.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. मुंगीही धान्य साठविते, आणि तायराच्याच कुळातील कित्येक प्राणी मारलेले जादा भक्ष्य लपवून ठेवितात. परंतु मुंगीने साठविलेला दाणा आजही खाण्याजोगा असतो, व लपविलेले मांसही तसेच. तायरा जे साठवितो ते आज खाण्याजोगे नसते. ते पुढे होणार असते. एवढ्याच कारणावरून, हा प्राणी पुढच्या दिवसाचा विचार करू शकत असावा, असा तर्क त्या निरीक्षकांनी मांडिला. पशूंस भविष्याचा विचार असतो की नाही, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद आहे, आणि ही केवळ उपजत व अनुभवाने मुरलेली सवय असेल, असेही म्हणता येते. तो वाद विद्वानांनी सोडवावा. मला एवढेच दिसते की, केळे त्या खंडात येऊन उणीपुरी पाचशे वर्षे झाली. तायरा तेथे त्यापूर्वीपासूनच आहे. मनुष्याने नवे पीक आणिले, व या प्राण्याने त्या पिकाचा स्वभाव ओळखून घेतला.

जमा आणि खर्च

तायराच्या नावावर खर्ची पडणाऱ्या बाबी लपविण्याचे कारण नाही. तो केळी नेतो. संधी मिळाल्यास कोंबड्या मारितो. मक्याच्या व उसाच्या शेतात शिरतो. मधासाठी पोळी फोडतो. ज्याच्या खुराड्यातून कोंबडी गेली त्यास प्राणिशास्त्र सांगून काय उपयोग?

परंतु जमेच्या बाजूस उंदीर आहेत. तिकडील मूळचे रहिवासी तायराची पिले माणसाळवून घरातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी पाळीत असत, ही गोष्ट ग्रंथांतून नमूद आहे. ज्या लोकांचा या प्राण्याशी निकटचा संबंध आला, त्यांनी त्यास चोर न ठरविता चाकरीस ठेविले.

मग हल्लीच्या बागाईतदारास केवळ चोरीच का दिसते? मला याचे कारण त्याच्या दिनचर्येत आहे असे वाटते. तायरा दिवसा हिंडतो, म्हणून केळी नेताना डोळ्यांस दिसतो. उंदीर मारितो तो गवतात व बिळाच्या तोंडाशी. तेथे पाहणारा कोणी नसतो. आणि ज्या उंदराने रात्री पीक कुरतडले, तो तर कोणासच दिसत नाही. दिसणाऱ्याच्या माथी न दिसणाऱ्याचाही गुन्हा बसतो.

हे मी पुस्तकावरून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नदीकाठच्या एका गावी उसाचे नुकसान झाल्याची तक्रार आली व मी तलाठ्यांबरोबर पाहणीस गेलो. उसाची कांडी बुडाशी कुरतडून पडली होती. बांधावरच्या आंब्यावर कांडेचोर राहतो हे सर्वांस ठाऊक होते. नावातच चोर असलेला प्राणी. पंचांनी एकमुखाने त्याचे नाव सांगितले, आणि मीही खाली वाकून न पाहता ‘कांडेचोरापासून नुकसान’ असे कागदावर लिहिले. माझे लिहिणे म्हणजे जणू निकाल, असे समजून गावकऱ्यांनी फासे लाविले व त्या हंगामात दोन कांडेचोर मारिले.

दुसऱ्या वर्षी त्याच शेतावर जाण्याचा प्रसंग आला. नुकसान कमी झाले नव्हते. पहिल्याहून अधिकच होते. शेताचे मालक वयोवृद्ध होते. ते मला म्हणाले, “भाऊसाहेब, चोर मेला, पण चोरी काही थांबली नाही.” या वेळी मी बसून पाहिले. बुडाजवळच्या पेरांवर बारीक दातांच्या जोडखुणा होत्या, आणि सरीच्या वरंब्यात उंदरांची बिळे होती. मी म्हणालो, “आबा, गेल्या वर्षी मी हे पाहिले असते तर बरे झाले असते.” त्यांनी मला दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, “आम्हीही वाकून पाहिले नाही.” कांडेचोर उंदीरही खातो, हे मला त्यानंतर समजले. कागदावरील ती ओळ मला पुसता आली नाही. पुढील सर्व नोकरीत मात्र, कोणत्याही प्राण्याचे नाव लिहिण्यापूर्वी मी वाकून पाहिले.

राखलेल्या रानाची किंमत

तायरा सर्व ठिकाणी मिळून पाहता आज नामशेष होण्याच्या पंक्तीस नाही. परंतु त्याची संख्या उतरत आहे. मेक्सिकोत तर तो संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहे. त्याचे मुख्य कारण फास अथवा बंदूक एवढेच नसून रानतोड हे आहे. मळ्यांमधून व तुटक रानांतून तो निभावून नेतो खरा, पण कोठेतरी ढोलीची झाडे व झाडांची सलग रांग त्यास लागतेच.

या बाबतीत कोस्टा रिकाचे उदाहरण जमीनधारकांनी विचारात घेण्यासारखे आहे. गुरांच्या कुरणांसाठी व लागवडीसाठी त्या देशात एवढी रानतोड झाली की, १९८० नंतरच्या दशकात तेथील अरण्य फारच घटले. पुढे १९९६ साली वनांविषयी नवा कायदा झाला. तदन्वये, जो जमीनधारक आपल्या मालकीच्या जमिनीतील रान राखील त्यास सरकारातून मोबदला देण्याची पद्धत १९९७ पासून सुरू झाली. हवेतील कर्ब धरून ठेवणे, पाण्याचा साठा राखणे, जीवजातींचे रक्षण आणि निसर्गशोभा, अशा चार कामांबद्दल हा मोबदला मानिला जातो, व त्यासाठी इंधनावरील करातून रक्कम काढितात. गुरांच्या मांसाचे भाव उतरल्यानेही पुष्कळ कुरणे पुन्हा रानास मिळाली. सर्व श्रेय कायद्यास देता येत नाही. परंतु आज त्या देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर पुन्हा झाडी आहे. उभ्या झाडास खात्यात जमेची रक्कम मिळू शकते, ही गोष्ट मज कारकुनास विशेष नवलाची वाटली.

उपसंहार

तायरा आपल्या बांधावर कधी येणार नाही. परंतु मुंगूस, कांडेचोर व घुबड हे आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्यावरील आरोपही तसेच आहेत. म्हणून सभासद बंधूंस माझी नम्र सूचना आहे की, पिकाचे नुकसान दिसताच प्रथम दातांच्या खुणा पाहाव्या, विष्ठा पाहावी, नुकसान दिवसा होते की रात्री याची दोन दिवस नोंद ठेवावी, व मगच कोणाचे नाव घ्यावे. कोंबड्यांचे खुराडे पक्के करणे हे प्राणी मारण्यापेक्षा स्वस्त पडते. बांधावरील ढोलीचे जुने झाड केवळ सरपणासाठी पाडू नये; उंदरांचा शिपाई बहुधा तेथेच राहतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये अशा प्राण्यांस मारणे हा गुन्हा आहे, हेही विसरू नये.

फळांची अढी ज्यास घालता येते, त्यास धीर धरणे शिकवावयास नको. फळाच्या बाबतीत आपण जो धीर धरितो, तोच एखाद्या मुक्या जिवाविषयी मनात अढी धरण्यापूर्वी धरिला, तर त्याचाही जीव वाचेल आणि आपलेही पीक.